टायगरला मी काय शिकवलं

मराठी घरातल्या कुत्र्याला 'बस' ही आज्ञा कधी शिकवू नये. धंद्याच्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका पॉवरलूम मालकाच्या अल्सेशियनला मी मोठ्या हौसेनं 'बस' शिकवलं आणि आठच दिवसांत त्यांचा फोन आला. दारात कुणी आलं, की घरातले "बसा, बसा" म्हणायचे आणि पाहुण्याच्या आधी कुत्रा बसायचा. राखणीसाठी घेतलेला कुत्रा प्रत्येक अनोळखी माणसासमोर शहाण्यासारखा बसकण मारतोय, हे बघून मालक हैराण झाले होते. तेव्हापासून माझ्या आज्ञा इंग्रजीत. सिट, स्टे, ऑफ. मालक मराठी, वॉचमन हिंदी; दोघांच्याही रोजच्या बोलण्यात चुकून येणार नाहीत असे शब्द लागतात. इंग्रजीत ऐट वगैरे काही नाही.

मी कुत्र्यांना शिकवतो. म्हणजे शिकवायचो, आता गुडघे साथ देत नाहीत, महिन्यातून एखादं घर घेतो. वडील भिवंडीतल्याच शाळेत शिक्षक होते, लोक त्यांना मास्तर म्हणत. मी कुत्र्यांचा धंदा सुरू केला तेव्हा ते वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे लोक मलाही मास्तर म्हणू लागले. वडिलांना त्याचा आनंद झाला की अपमान वाटला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

भिवंडीत कुत्र्यांना शिकवणं हे जरा वेगळंच काम. इथल्या गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला लूमच्या खडखडाटात गाढ झोप लागते आणि लाइट गेली, लूम बंद पडले, की तो दचकून उठतो. एक कारखानदार मला म्हणाले, "मास्तर, लाइट गेली की रडतो हा, काहीतरी करा." मी काय करणार? त्याच्या दृष्टीनं जग बंद पडत होतं. शेजारच्या दापोड्याला गोदामं उभी राहिली, तसे ज्यांच्या जमिनीवर ती राहिली त्या शेठ लोकांनी बंगले बांधले, आणि प्रत्येक बंगल्याच्या गेटवर कुत्रा हवाच झाला. रॉटवायलर, डॉबरमन, एकानं तर हस्की आणला. बर्फातला प्राणी, दापोड्याच्या मे महिन्यात. तो दिवसभर बाथरूमच्या लादीवर पडून असायचा आणि घरातले अंघोळीला खोळंबून बाहेर रांगेत उभे असायचे.

मला लोक नेहमी विचारायचे, "मास्तर, सगळ्यात हुशार जात कोणती?" माझं उत्तर ठरलेलं होतं. डॉबरमन दिसतो राकट, पण मनानं हळवा. आवाज चढवलात तर दोन दिवस रुसतो. अल्सेशियन एका माणसाचा. बीगलला मन असेल-नसेल, नाक मात्र आहे. आणि माणसाचा चेहरा वाचायचा तर लॅब्रॅडॉरनं. तुम्ही रडून तोंड धुऊन आलात, तरी तो येऊन पायावर डोकं ठेवणार. हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल, एखाद्या पंडितासारखं. तोंडपाठ होतं. आणि जे इतकं तोंडपाठ होतं, तेच डोळ्यांसमोर घडत असताना मला दिसलं नाही. त्याचा धक्का मी अजून पचवलेला नाही. ही हकिकत त्याचीच.

दशरथशेठ माझ्याकडे आले ते एका सोमवारी सकाळी, स्वतः गाडी चालवत. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, गळ्यात जाड साखळी. दापोड्याच्या पुढे त्यांचं घर, मागे भाड्यानं दिलेली गोदामं. वडिलोपार्जित मिठागर आणि भातशेती होती, तिचं हे झालेलं. माणूस बोलायला मोकळा, पण त्या दिवशी अडखळत होता.

"मास्तर, आमचा कुत्रा हाय. लाब्राडोर. टायगर नाव. दीड वर्साचा. तो आमचे पोरीवर उड्या मारतो."

"सगळेच लॅब्रॅडॉर उड्या मारतात, शेठ."

"न्हाय, मास्तर. मना न्हाय मारत. तिचे आईला न्हाय. फक्त पोरीला. तोंडावर भुंकतो, ड्रेस फाडतो, ढकलून देतो तिला. हातावर ओरखडे बघा किती. पोरीचे सोयरिकी चालल्यात. लोक इचारतात, ह्ये काय?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो. टायगर म्हणजे फिकट पिवळा, तगडा, मऊ डोळ्यांचा कुत्रा. नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. मला बघून त्यानं शेपटीनं सगळं अंग हलवलं. प्राची, शेठची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. शांत, बारीक आवाजाची. तिची आई, सुगंधावहिनी, सतत तिच्या आसपास. पोरगी जिन्यावरून उतरली तर वहिनी खाली उभ्या, पोरगी गच्चीत गेली तर वहिनी मागोमाग. मला वाटलं, एकुलती एक आहे, जपतात.

त्या पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी झालं. प्राची सोफ्यावर वाचत बसली होती. टायगर माझ्याजवळून उठला, तिच्यापाशी गेला, तिचं तोंड हुंगलं आणि एकदम दोन्ही पंजे तिच्या छातीवर ठेवून भुंकायला लागला. मी दोरी ओढली, "ऑफ!" म्हणालो, त्याला खाली घेतलं. वहिनी धावत आल्या आणि पोरीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"घाबरली बिचारी," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "पडू दे जरा."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आनंदानं उडी मारणाऱ्या कुत्र्याची शेपटी हलत असते, तोंड सैल असतं. टायगरचे कान मागे गेले होते, शेपटी ताठ खाली होती, आणि तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता. ही काळजीची लक्षणं. नवशिक्यालाही मी हे पहिल्या दिवशी शिकवीन. मी ते पाहिलं. पाहून वहीत लिहिलंसुद्धा: 'आज उडी. कारण नाही. कान मागे.' आणि त्याचा अर्थ लावला असा, की कुत्र्याला चूक करतोय हे कळतं, म्हणून तो धास्तावलेला असतो. माणसाला आधी उत्तर ठरवून मग पुरावा बघायची सवय असते. माझी तर तीस वर्षांची होती.

आठवड्यातून तीन दिवस, असे दोन-अडीच महिने मी गेलो. उडी मारली की दोरीचा झटका आणि 'ऑफ'. मग 'सिट', मग 'स्टे', आणि स्टेमध्ये राहिला की चिकनचा तुकडा. मारलं नाही कधी. मारणं माझ्या धंद्यात मी कधीच शिरू दिलं नाही. पण झटका कसा द्यायचा, कुठल्या क्षणी द्यायचा, यात माझा हात धरणारा या भागात कुणी नव्हता, हे मी आज लाजत लिहितो. हळूहळू टायगर थांबला. आधी उडी गेली, मग भुंकणं गेलं. शेवटी नुसता उठून उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि मी बोट वर केलं की खाली बसायचा. बसून थरथरायचा. मी वहीत लिहिलं: 'उत्तम.'

शेठ खूश होते. दिवाळीच्या पाडव्याला माझ्या घरी ताज्या जिताड्याच्या कालवणाचं पातेलं आलं.

त्याच थंडीत शेठची आई म्हणाली, गुडघे दुखतात, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसायचंय. सगळं घर निघालं. शेठ मला म्हणाले, "तुमी पन चला मास्तर. गर्दीत टायगर कसा ऱ्हातो बघू." मलाही ते हवंच होतं. शिकवलेला कुत्रा चार लोकांत दाखवायला कुणाला आवडत नाही?

सकाळची वेळ होती. कुंडांवर वाफ होती. म्हाताऱ्या आजींना घेऊन वहिनी पायऱ्यांवरून पाण्यात उतरल्या. प्राची जरा बाजूला, दुसऱ्या कुंडाच्या काठावर पाय सोडून बसली होती. मी आणि शेठ वीस-पंचवीस पावलांवर कट्ट्यावर बसलो, टायगर माझ्या पायाशी.

टायगर उठला.

"सिट," मी म्हणालो. तो बसला. अर्ध्या मिनिटानं पुन्हा उठला, आणि या वेळी त्यानं दोरीला जोर दिला. मी झटका दिला. "स्टे." तो बसला. तोंडातून लाळ गळत होती, सगळं अंग कापत होतं. आणि एक गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही: तो प्राचीकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. एकटक.

मी शेठना म्हणालो, "बघा शेठ. एवढी माणसं, एवढा गलका. हलतो का?"

"मानला मास्तर," शेठ म्हणाले.

तेवढ्यात प्राची उठून पायऱ्या उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि खाली गेली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, डुबकी मारतेय. मलाही तेच वाटलं. वाफेत नीट दिसत नव्हतं. टायगरच्या घशातून असा आवाज आला, जो मी तीस वर्षांत कुठल्या कुत्र्याच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि मी, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, त्याला "गुड" म्हणालो.

मग एक बाई किंचाळली.

शेठ कपड्यांसकट पाण्यात उतरले. प्राचीला वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे होते, दात घट्ट आवळलेले, हातपाय झटके देत होते आणि मग एकदम सैल पडले. श्वास नव्हता. गर्दीतल्या एका माणसानं, तो कोण होता मला आजही माहीत नाही, तिची छाती दाबायला सुरुवात केली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या तोंडातून पाणी आलं, आणि एक खरखरता श्वास. वहिनी ओल्या अंगानं तिथेच फरशीवर बसल्या होत्या आणि एकच वाक्य बोलत होत्या, "मी दोन मिंटं न्हाय बघितला, मी दोनच मिंटं न्हाय बघितला."

गाडीतून आम्ही भिवंडीला एका खासगी हॉस्पिटलात आलो. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "फिट्स कधीपासून येतात हिला?"

मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, त्या म्हणतील, कसल्या फिट्स? त्या खाली बघून म्हणाल्या, "आठवीपासून."

मी भिंतीला टेकलो. वहिनी बोलत होत्या, मला तुकड्या-तुकड्यानं ऐकू येत होतं. ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. फिट क्वचित यायची. मग सोयरिकी सुरू झाल्या. नातेवाईक बोलले, गोळ्यांची पाकिटं घरात कुणी बघितली तर लग्न मोडेल. सहा महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या. फिट्स वाढल्या. गावात कुणाला माहीत नाही. मोलकरणीला नाही. मला तर नाहीच.

"वहिनी," मी विचारलं, "टायगर जेव्हा उड्या मारायचा, आणि तुम्ही तिला आत न्यायचात…"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उलगडत गेलं. "आत गेल्यावर यायची," त्या म्हणाल्या. "मना वाटायचा, तो अंगावर जातो म्हनून घाबरून येते. तो आला न्हाय तर येनार न्हाय. म्हनून तर तुमाला बोलावला."

दुसऱ्या दिवशी प्राची शुद्धीवर होती, बोलत होती. मी माझी वही घेऊन शेठच्या घरी गेलो. वहिनी कपडे न्यायला घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर फिट आलेल्या तारखांखाली कुंकवाचे अगदी बारीक ठिपके. कुणी विचारलं तर म्हणायचं, दुधाचे खाडे. आम्ही दोघं लादीवर बसलो. मी वहीतली तारीख वाचायचो, त्या कॅलेंडरवर बोट ठेवायच्या.

"सतरा."

"हाय."

"बावीस."

"हाय."

'आज उडी. कारण नाही.' 'आज पुन्हा, कारण नाही.' माझ्या वहीतल्या प्रत्येक 'कारण नाही'समोर वहिनींचा ठिपका होता. एक तारीख तेवढी जुळेना. वहिनींनी त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्या दिशी ती न्हानीत होती. कडी लावून. बाहेर आली तं कपाळाला टेंगूळ. बोलली, पाय घसरला." त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. "तिनं माझेपासून पन लपवला."

शेठ दारात उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. मी उभा राहिलो. जे बोलायचं ते बोललो. तुमचा कुत्रा फिट यायच्या आधी सांगत होता, मी त्याला सांगायचं बंद करायला शिकवलं. काल कुंडावर तो तीनदा सांगत होता आणि दोरी माझ्या हातात होती.

मला वाटलं, ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी त्याला गप बसायला शिकवला. आमी पोरीला."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ठाण्याच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन भेटलो, कुत्र्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, काही कुत्र्यांना फिटच्या आधी काहीतरी जाणवतं असं दिसतं. वास असेल, हालचालीतला बदल असेल, नक्की माहीत नाही. सगळ्यांना जाणवत नाही आणि दरवेळी जाणवेलच असंही नाही. "भरवसा गोळ्यांवर ठेवा. कुत्र्यानं सांगितलं तर ऐका."

पण कुत्रा आता सांगायला तयार नव्हता. पुढची फिट आली तेव्हा टायगर कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता, थरथरत. वहिनींनी मला ते फोनवर सांगितलं आणि मी फोन ठेवून घराबाहेर निघून गेलो. तीस वर्षं मी कुत्र्यांना गोष्टी शिकवल्या. शिकवलेलं पुसायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खोटी फिट आणता येत नाही, की जिच्यावर सराव करून घ्यावा. एवढंच करता येत होतं, की तो प्राचीजवळ आपणहून गेला की त्याला कुणी अडवायचं नाही, उलट लाड करायचे. त्यातही एक अडचण निघाली: मी. मी खोलीत असलो, की तो तिच्या गुडघ्यापर्यंत जायचा आणि थांबून माझ्याकडे बघायचा. परवानगी मागायचा. म्हणून मी घरात जाणं बंद केलं. गेटवर उभा राहून शेठना सांगायचो, आज हे करा, उद्या ते करा.

आणि शेठनी केलं. पांढऱ्या कपड्यांतला तो दांडगा माणूस रोज सकाळी जमिनीवर फतकल मारून बसायचा, स्वतःच्या छातीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ये रे बाबा. चढ. चढ अंगावर." पहिले कित्येक दिवस टायगर लांब उभा राहून मान फिरवायचा. मग एकदा एक पंजा ठेवला. शेठनी मला गेटवर येऊन शर्टावरचा चिखलाचा ठसा दाखवला. धुवायला टाकला नव्हता.

उन्हाळ्यात शेठचा फोन आला. खाडीपलीकडच्या गावातून चांगलं स्थळ येतंय, रविवारी बघायला येणार. मुलाच्या आईला कुत्र्याची भीती वाटते. "तेवढा येळ टायगरला तुमी धरा, मास्तर. दुसऱ्या कोनाचा ऐकत न्हाय तो."

"शेठ, त्यांना सांगितलंय?"

"ठरू दे तं आधी. मंग सांगू."

गोळ्यांनी दोन महिने फिट आली नव्हती. बापाचं मन. मी 'येतो' म्हणालो.

रविवारी मी टायगरला घेऊन ओटीवर बसलो. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं. मुलगा, त्याचे आईवडील, मामा, सोफ्यावर ओळीनं. शेठ जाता-जाता मला हळूच म्हणाले, "घट्ट धरा. आजचा दिस." प्राची ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली, सहा कप वाफाळता चहा.

टायगर उठून उभा राहिला. कान मागे. त्यानं ओठ चाटले, एकदा, दोनदा. मग मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तसंच. एकटक.

विचार करायला वेळ नव्हता आणि मी केलाही नाही. मी हात उघडला.

तो दारातून आत गेला आणि त्यानं दोन्ही पंजे तिच्या अंगावर टाकले. ट्रे उलटला, कप फुटले, चहा गालिच्यावर सांडला. मुलाची आई किंचाळून सोफ्यावर उभी राहिली. मुलाचे वडील ओरडले, "आवरा त्याला!" शेठनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला भाजली. मग त्यांनी टायगरकडे पाहिलं. तीन महिने ते त्याच्यासमोर जमिनीवर बसले होते. त्याचे कान, त्याची शेपटी त्यांना आता वाचता येत होती.

"सरका," शेठ म्हणाले. "सगले सरका. माझे पोरीला फिट येते."

"बाबा, मला काही होत नाहीये," प्राची म्हणाली. "मी बरी आहे."

"पड तू."

त्यांनी तिला गालिच्यावर कुशीवर झोपवलं, डोक्याखाली उशी दिली, फुटलेल्या काचा हातानं बाजूला सारल्या. आणि मग काहीच झालं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. वेड्यांच्या घरी आलो असं त्यांना वाटलं असणार. प्राचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टायगर तिच्या पाठीला चिकटून आडवा झाला होता. दारात उभ्या असलेल्या माझ्या मनात आलं, की आज तो चुकला असला, तर मी या घराचं वाटोळं केलं.

मग तिची मान वळली आणि हातपाय ताठ झाले.

"कांदा आना, हुंगवा!" मामा म्हणाले. "चप्पल द्या कुनी तरी!"

"काय लागत न्हाय," शेठ शांतपणे म्हणाले. "घड्याल बघा फक्त."

दोन-अडीच मिनिटांत ओसरली. मुलाचे वडील उठले. "आधी सांगायला पायजे होता, दशरथशेठ."

"हो," शेठ म्हणाले. "पायजे होता. चुकला माझा."

ते लोक गेले. मुलगा दारात जरा घुटमळला, पण वडिलांनी हाक मारल्यावर तोही गेला. प्राचीला जाग आली तेव्हा तिनं आधी हातानं टायगर चाचपला. मग विचारलं, "कप फुटले ना गं?"

"फुटू दे," वहिनी म्हणाल्या.

मी माफी मागायला पुढे झालो, तर शेठनी हातानं थांबवलं. म्हणाले, "ट्रे तिचे अंगावर पडला असता, मास्तर. जिन्यावर असती तं?" आणि तिथेच, काचांमध्ये बसून तो माणूस लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर शेठनी स्वतःच गावात सांगून टाकलं. चार दिवस लोक बोलले, मग दुसरा विषय मिळाला. प्राची आता गोदामांच्या ऑफिसात काम बघते. गोळ्या नीट चालू आहेत, फिट क्वचित येते. टायगर तिच्या खुर्चीखाली असतो. दोनदा त्यानं काही सांगितलं नाही आणि फिट आली, हेही लिहायला हवं. तो कुत्रा आहे, यंत्र नाही. मी मात्र नवीन घरी गेलो, की कुत्र्याला हात लावायच्या आधी विचारतो, घरात कुणाला काही आजार आहे का? लोकांना राग येतो. एका गृहस्थांनी तर मला तेवढ्यावरून गेटबाहेर काढलं. पण मी विचारतो.

त्या रविवारनंतर पंधरा-वीस दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, दबका, मागे नळ सोडलेला ऐकू येत होता.

"तुमी कुत्र्याचे मास्तर ना? ती कंची जात हो? दशरथशेठकडली?"

मी आवाज ओळखला. मुलाच्या आई, त्या दिवशी सोफ्यावर उभ्या राहिलेल्या.

"लॅब्रॅडॉर," मी म्हणालो. "पण ताई, तुम्हाला तर कुत्र्याची भीती वाटते."

"वाटते." नळ वाहत राहिला. "आमची धाकटी हाय. नववीत. तिला पन येते."

त्या खोलीत बसून, समोरच्या पोरीला फिट येताना बघून, "आधी सांगायला पायजे होता" हे नवऱ्याचं बोलणं ऐकताना या बाईच्या मनात काय चाललं असेल? मी त्यांना म्हणालो, कुत्र्याचं नंतर बघू, आधी डॉक्टरांचा नंबर लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतला. आकडे परत म्हणून दाखवले. फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "आमचा नाव कुटं सांगू नका, मास्तर."

मी सांगितलेलं नाही. इथंही लिहिलेलं नाही, गावाचंसुद्धा. हा लेख लिहायला घेतला तेव्हा प्राचीला विचारलं, तुझं नाव बदलू का? ती म्हणाली, "काका, माझं खरंच लिहा."